आकड्याशेजारी साल लिही

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. सर्व्हेच्या कामावर रुजू झालीस आणि पहिल्याच फोनवर विचारलंस, "काका, जमीन आपली, मोजणार आपण, मग यात दुसरे देश कुठे आले?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

एकदा उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारा जीपीएस रिसीव्हर घेऊन पणजीला मिरामारच्या वाळूवर जा. लाट पायाला लागेल इतक्या जवळ उभी राहा आणि जिओइडची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समुद्रसपाटीची, दुरुस्ती न केलेली कच्ची उंची बघ. उणे पन्नास मीटरांहूनही खाली दिसेल. यंत्र बिघडलेलं नसतं. उपग्रहावरून मिळणारी उंची गणिताने मानलेल्या लंबगोलापासूनची असते. आपल्या बाजूला गुरुत्वाकर्षण कमी पडतं, त्यामुळे खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली जाते. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती सुमारे १०६ मीटर खाली आहे. तेव्हा खाजनाच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवून केलेल्या सखल शेतीच्या, बांधाची उंची विचारली, तर आधी 'कशापासूनची उंची?' हा प्रश्न तू करायचास.

माझी एक चूक सांगतो. तिसवाडीतल्या एका खाजनाच्या बांधावर मी बिंदू घेतले, उपग्रहांचे संकेत सतत नोंदवणाऱ्या बंगळूरच्या कायम स्थानकाशी जोडून. आठ वर्षांनी त्याच खुणांवर पुन्हा गेलो, तर आकडे चाळीसेक सेंटिमीटरनी, जवळजवळ हातभर सरकलेले. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, दगडातला खिळा जिथल्या तिथे होता. मी सोबतच्या मदतनिसाला बोललो, अँटेनाचा रॉड वाकडा धरलास म्हणून. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. भारताची भूतबकडी ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकते. गोवा सरकला, बंगळूर सरकलं, म्हणून बंगळूरचे जागतिक आकडेही बदलले, आणि मी पहिल्या वेळचे आकडे कोणत्या चौकटीतले, म्हणजे कुठल्या मूळ बिंदूवरून आणि अक्षांवरून मोजलेले, कोणत्या सालचे, हे वहीत लिहिलंच नव्हतं. त्या माणसाची माफी मी मागितली, पण फार उशिरा. ते अजून मनाला लागतं.

आता ही चौकट कोण सांभाळतं ते बघ. उपग्रहाची कक्षा नेमकी कळायला पृथ्वी कशी फिरते ते कळावं लागतं आणि ते अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांकडे (दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांकडे) एकाच वेळी रोखलेल्या, निरनिराळ्या खंडांतल्या रेडिओ दुर्बिणींवरून ठरतं. पृथ्वीचा वस्तुमानकेंद्र उपग्रहांवर लेसर मारून सापडतो. एकाच देशात सगळ्या दुर्बिणी ठेवून हे जमत नाही, खंडाखंडांतलं अंतर लागतं. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांची) सेवा १९९४ पासून चालू आहे. शंभराहून अधिक देशांतल्या संस्था आपापल्या खर्चाने स्थानकं चालवतात आणि मोजमापं सगळ्यांना मोफत देतात. तुझ्या मोबाइलच्या नकाशामागेही ती मेहनत आहे. कोणावर सक्ती नाही. हे मला आजही फार मोठं वाटतं.

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक भूगणितीय चौकटीचा ठराव केला. तो पुढे आणणारा देश कोणता, तर फिजी! पाण्याच्या काठावर राहणाऱ्याला मिलिमीटरची किंमत कळते. २०२३ मध्ये याच कामासाठी बॉनला संयुक्त राष्ट्रांचं केंद्रही सुरू झालं.

आपणही काठावरचेच. मुरगावच्या बंदरातल्या भरतीमापकाच्या नोंदी लिव्हरपूलच्या जागतिक संग्रहात आहेत. पण भरतीमापक समुद्र मोजतो तो जमिनीच्या तुलनेत. पाणी चढलं की धक्का खचला, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी उपग्रहाने मोजलेला बिंदू हवा. जगभरचा समुद्र सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो आहे. चौकटच वर्षाला एक मिलिमीटर घसरली, तर त्या चढीचा पाव-तिसरा हिस्सा खोटा ठरेल. चोडण-दिवाडीच्या बांधांची उंची उद्या याच हिशेबाने ठरणार आहे.

म्हणून रोजच्या कामात ही सवय लाव: प्रत्येक आकड्याशेजारी चौकट लिही, आयटीआरएफ २०२० ही जागतिक चौकट असेल तर तसं. मोजल्याची तारीख लिही. अँटेनाची उंची टेपने तिरकी घेतलीस की सरळ, तेही. कच्च्या फायली पुसू नकोस. आणि जिथे द्यायची परवानगी आहे तिथे मागितल्याबरोबर दे. २०२१ नंतर आपल्याकडचे नियम बरेच सैल झालेत. 'माझा डेटा' म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवणारी हुशार माणसं मी पाहिली. ती गेल्यावर त्यांच्या आकड्यांचा अर्थ लावणारं कोणी उरलं नाही.

चवथीला घरी येशीलच. ओहोटीची वेळ बघून एक सकाळ मोकळी ठेव, त्या मानशीवर जाऊ. खिळा अजून आहे. या वेळी वही तू धर, मी रॉड धरतो.

तुझा,
काका