समान काम, असमान पगार : आधी कागद जमवा

महाप्याच्या कारखान्यात तेच पॅकिंगचे काम करून तुम्हाला शेजारच्या सहकाऱ्यापेक्षा कमी पगार मिळतो, याचा संताप मी समजू शकते; रबाळ्यात मीही तीन वर्षे तसेच काढले आणि हाती पुरावा नसताना मॅनेजरकडे धाव घेतल्यामुळे माझे प्रकरण तिथेच विरले. म्हणून आधी नेमणूकपत्र व पगारपत्रके जपा, रोजच्या कामाची नोंद ठेवा आणि तुलना करताना केवळ हाती येणारी रक्कम न पाहता मूळ वेतन, भत्ते व भविष्य निर्वाह निधीची कपात वेगवेगळी तपासा. सेवेची वर्षे जास्त असल्यामुळे पडलेला फरक अन्याय ठरेलच असे नाही.

तो सहकारी पुरुष असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण १९७६ च्या समान वेतन कायद्यातील तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही कायम असून समान कामासाठी लिंगभेदावरून कमी वेतन देता येत नाही. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान वेतन देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल मात्र सरकारी सेवेतील होता. त्यावर सरसकट विसंबू नका.

कंपनीकडे तक्रारीचा अर्ज लेखीच द्या, त्याची पोच घ्या आणि उत्तर न आल्यास ठाण्याच्या कामगार कार्यालयात जा, शक्यतो एकट्या नव्हे.