दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणे ही पूर्णवेळ नोकरी असे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून बातम्या वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आवाजाची व उच्चारांची चाचणी देऊन नैमित्तिक तत्त्वावर निवडले जात. त्यांना मानधन मिळे ते वाचलेल्या बातमीपत्रांपुरते, त्यामुळे चरितार्थासाठी दुसरे काम हाताशी असणे भागच होते. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी याच केंद्रावर बातम्या वाचत असत. प्रदीप भिडे यांनी मात्र सुमारे चार दशके वृत्तनिवेदन केले आणि त्याच्या जोडीने जाहिराती, माहितीपट व सभा-समारंभांचे निवेदन यांतही आपला आवाज रुजवला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना चेहऱ्याआधी तो आवाज आठवला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर वाचायचा मजकूर दाखवणारा पडदा, येण्यापूर्वी निवेदकाच्या हातात कागद असे, त्यावर अखेरच्या क्षणी खाडाखोड होई आणि बातमीपत्र सुरू असतानाच एखादा नवा कागद हळूच पुढे सरकवला जाई. तो आधी न वाचता, ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन्ही उच्चार सांभाळत, चेहऱ्यावर गोंधळ न दाखवता वाचावा लागे. माझ्या मते खरी कसोटी तीच, देखणेपणा नंतरचा. खासगी वृत्तवाहिन्या आल्यावर पगारी पदे वाढली, पण तिथे नुसते वाचून भागत नाही. चर्चा चालवणे आणि थेट प्रक्षेपणात वार्ताहराला नेमके प्रश्न विचारणे हेही निवेदकाकडेच आले.