वाचकांचे प्रश्न : चालकाविना गाडी वळते केव्हा, थांबते केव्हा?

प्रश्न : पुढे बस उभी असेल तर मागे थांबायचे की शेजारच्या लेनमधून जायचे, हे स्वयंचलित गाडी कसे ठरवते? प्रत्येक प्रसंगाचा नियम आधीच लिहून ठेवलेला असतो का?

उत्तर : नियम असतात, पण सगळा कारभार नियमांवर चालत नाही. बहुतेक गाड्यांत काम तीन थरांत वाटलेले असते. वरचा थर रस्ता निवडतो. मधला ‘लेन बदल’, ‘थांब’, ‘वाट दे’ अशी चाल ठरवतो. खालचा थर स्टिअरिंग आणि वेगाचा नेमका मार्ग आखतो. 2007 साली कॅलिफोर्नियात झालेली दार्पा अर्बन चॅलेंज ही चालकाविना गाड्यांची स्पर्धा जिंकणारी कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘बॉस’ ही गाडी याच धर्तीची होती.

बसमागे आल्यावर गाडी पुढच्या काही सेकंदांचे अनेक मार्ग एकाच वेळी आखून पाहते. ज्यांत टक्कर होईल ते बाद. उरलेल्यांना दंडाचे गुण पडतात : इतर वाहनांशी कमी अंतर, अचानक हिसका, वाया जाणारा वेळ, नियमभंग. सगळ्यात कमी दंडाचा मार्ग घेतला जातो आणि सेकंदात साधारण दहा वेळा हा हिशेब नव्याने होतो.

लेन बदलण्याचे गणित असे : आपला वेग ताशी 50 किमी, शेजारच्या लेनमध्ये मागून येणाऱ्याचा 70. फरक सेकंदाला साडेपाच मीटर. लेन बदलायला 4 सेकंद लागले तर तो 22 मीटर जवळ येतो. म्हणजे तो 25 मीटरवर असेल तर थांबणेच बरे. 60 मीटरवर असेल तर खुशाल निघावे.

खरी कटकट दोन मार्गांचे गुण जवळपास सारखे असताना होते. गाडी बाहेर निघते, परत आत येते, पुन्हा निघते. मागच्या चालकाला काहीच उमगत नाही. म्हणून चालू असलेल्या निर्णयाला थोडी सवलत देतात. नवा पर्याय ठळकपणे सरस असेल तरच बेत बदलायचा.

प्रश्न : सिग्नल पिवळा झाला तर?

उत्तर : दोन अंतरांची तुलना. ताशी 50 च्या वेगात प्रतिसादाचा अर्धा सेकंद धरून, दर सेकंदाला ताशी 11 किमीने वेग उतरवणाऱ्या सौम्य ब्रेकने थांबायला 39 मीटर लागतात. पिवळा 3 सेकंदांचा असेल तर तेवढ्यात 42 मीटर जाता येते. सिग्नलची थांबण्याची रेषा 39 मीटरपेक्षा जवळ असेल तर पुढे, नाहीतर थांबा. ताशी 60 ला मात्र थांबायला 54 मीटर हवेत आणि 3 सेकंदांत 50 च होतात. मधल्या चार मीटरांत सापडलेली गाडी धड थांबू शकत नाही, धड जाऊ शकत नाही. तेव्हा ब्रेक जरा जोरात लावावा लागतो : सेकंदाला ताशी 14 किमी घटवले की 44 मीटर पुरतात. अर्थात त्याआधी मागची गाडी किती चिकटून आहे ते पाहावे लागते.

प्रश्न : गर्दीच्या चौकात अशी गाडी नुसतीच उभी राहते, असे का?

उत्तर : समोरचा प्रत्येक जण कुठेही वळेल असे गृहीत धरले, तर सुरक्षित मार्ग एकही उरत नाही. आपण थोडे पुढे सरकलो की समोरचाही जरा थांबतो, हे हिशेबात धरले तरच वाट निघते.

प्रश्न : मग अपघात होतो तो चुकीच्या निवडीमुळे का?

उत्तर : आमच्या मते निवडीपेक्षा तिच्या आधीचा अंदाज जास्त घात करतो. 18 मार्च 2018 च्या रात्री ॲरिझोनातील टेंपी येथे उबरच्या चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. त्यात तिचा मृत्यू झाला. रडारला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली. शिक्का बदलला की आधीच्या हालचालीची नोंद गळून पडे, त्यामुळे ती रस्ता ओलांडते आहे हे कळलेच नाही. धोका ओळखल्यावरही, खोट्या इशाऱ्यावर ब्रेक लागू नये म्हणून एक सेकंदाचा विलंब ठेवलेला होता. ही गाडी व्होल्वो कंपनीची होती. तिचा मूळचा आपत्कालीन ब्रेक स्वयंचलित चालनात बंद होता आणि देखरेखीसाठी आत बसलेल्या चालकाचे लक्ष फोनकडे होते. शिक्का बदलला तरी वस्तूचा मागचा मार्ग जपायला हवा. ते काय आहे हे नक्की झाले नाही तरी ते कुठे चालले आहे यावरून वेग आधीच उतरवता येतो.