गॉथ लोक : आक्रमक की आश्रित?

प्रश्न : रानटी टोळ्यांच्या आक्रमणांमुळे रोमन साम्राज्य कोसळले, असे आम्ही शाळेत शिकलो. गॉथ लोक मात्र आश्रय मागायला आले होते, असे अलीकडे वाचनात आले. यातले खरे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : निदान गॉथांच्या बाबतीत तरी दुसरे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ आहे. हूणांनी पूर्वेकडून रेटा दिल्यावर, इ. स. ३७६ मध्ये, फ्रिटिगर्न आणि अलाविव्ह या म्होरक्यांसह हजारो गॉथ बायकामुलांना घेऊन साम्राज्याच्या सीमेवरील डॅन्यूब नदीच्या उत्तर तीरावर येऊन थांबले आणि त्यांनी सम्राट व्हॅलेन्सकडे नदी ओलांडण्याची रीतसर परवानगी मागितली. सम्राटाला सैन्यासाठी माणसे हवीच होती, त्यामुळे ती मिळालीही. पावसाने फुगलेल्या नदीतून होड्या, तराफे, अगदी कोरलेले ओंडके वापरून रात्रंदिवस माणसे पलीकडे नेली जात होती, आणि त्यांतली कित्येक बुडाली.

पुढची हकीकत अमिआनस मार्सेलिनस या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो स्वतः रोमन सैन्यात होता, म्हणून त्याची साक्ष मला विशेष मोलाची वाटते. लुपिसिनस आणि मॅक्सिमस या अधिकाऱ्यांनी उपाशी निर्वासितांची अन्नान्नदशा पाहून मिळतील तेवढी कुत्री गोळा केली आणि एका कुत्र्यामागे एक गुलाम असा सौदा केला. पोटासाठी गुलामगिरीत गेलेल्यांत गॉथ सरदारांचे मुलगेही होते. हा तपशील कितीही वेळा वाचला तरी पोटात कालवते. त्यानंतर मार्सियानोपल येथे लुपिसिनसने म्होरक्यांना मेजवानीला बोलावले आणि जेवण चालू असतानाच त्यांच्या रक्षकांची कत्तल करवली. फ्रिटिगर्न निसटला आणि बंड पेटले.

९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एदिर्ने येथे, रोमन सैन्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कापला गेला. व्हॅलेन्स मारला गेला आणि त्याचा मृतदेहही सापडला नाही. ३८२ च्या तहाने गॉथांना साम्राज्यातच जमीन मिळाली, पण अविश्वास मिटला नाही.

गॉथांनी पुढे लूटमार केली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ४१० मध्ये रोम लुटणाऱ्या अलारिक या गॉथ म्होरक्याने आदल्याच वर्षी सम्राट होनोरियसपुढे शेवटची मागणी ठेवली होती, ती डॅन्यूबकाठच्या नोरिकम प्रांतात वस्तीची आणि दरवर्षी काही धान्याची. होनोरियसने ती फेटाळली.