वाचकांचे प्रश्न : कॅल्क्युलेटरची मेमरी घरी वाढवता येईल का?

प्रश्न : अमेरिकेतील माझ्या मामांनी त्यांचा जुना टीआय-८३ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर मला दिला आहे. चार-पाच मोठे प्रोग्रॅम भरले की त्यातील जागा संपते. आतली चिप काढून मोठी बसवता येईल का, की बाहेरून मेमरी जोडण्याचा काही मार्ग आहे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : आतली चिप बदलण्याच्या फंदात पडू नये. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९६ मध्ये आणलेल्या या यंत्रात ३२ किलोबाइट रॅम (चालू कामाची मेमरी) असून, वापरणाऱ्याच्या वाट्याला त्यातील सुमारे २७ किलोबाइट येते. त्यातील झेड-८० या प्रोसेसरला, म्हणजे गणिते करणाऱ्या मुख्य चिपेला, एका वेळी ६४ किलोबाइटच दिसतात; त्यांपैकी निम्मी जागा रॉमसाठी (मूळ सॉफ्टवेअर कायमचे साठवणारी मेमरी) आणि निम्मी रॅमसाठी राखलेली असते. मोठी चिप बसवलीत, तरी वाढीव भाग आलटूनपालटून समोर आणण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसल्याने तो भाग नुसता पडून राहील.

बाहेरचा मार्ग मात्र खुला आहे, आणि तो फार देखणा आहे. दोन कॅल्क्युलेटर एकमेकांना जोडण्यासाठी तळाशी जे अडीच मिलिमीटरचे छिद्र असते, त्यात जमिनीच्या (ग्राउंड) तारेखेरीज दोनच तारा येतात. त्या एरवी विजेच्या वरच्या दाबाला (व्होल्टेज) धरलेल्या असतात आणि दोन्हीकडचे यंत्र त्यांना फक्त खाली ओढू शकते. आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणी-पद्धतीच्या ईईपीरॉम (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कायमची मेमरी) चिपांच्या तारा नेमक्या याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे २४एलसी२५६ ही आठ पायांची, ३२ किलोबाइटची चिप जवळजवळ थेट जोडता येते : एक तार घड्याळाची, म्हणजे ताल देणारी, दुसरी माहितीची. चिपची ओळख ठरवणाऱ्या तीन पत्ता-पायांची जोडणी वेगवेगळी ठेवली, तर अशा आठ चिपा त्याच दोन तारांवर बसतात आणि २५६ किलोबाइट जागा मिळते. वीज गेली तरी त्यांतील मजकूर टिकतो. या चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधून पाहाव्यात.

चिपेला वीज वेगळी द्यावी लागते, आणि नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते. जोडण्यापूर्वी दोन्ही तारांवरचा दाब मल्टिमीटरने मोजावा. तारांवर पाच व्होल्टच्या आसपास दाब असताना चिप दोन सेलांच्या तीन व्होल्टवर चालवली, तर तिच्या पायांवर तिला झेपेल त्याहून अधिक दाब येतो. चिपेला २.५ ते ५.५ व्होल्ट चालतात, तेव्हा तारांच्या दाबाशी जुळणाराच पुरवठा द्यावा.

खरे कष्ट प्रोग्रॅमचे आहेत. कॅल्क्युलेटरच्या बेसिक भाषेतून या तारा सुट्या सुट्या हलवता येत नसल्याने असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहिणे भाग पडते. लिहिताना एक गोष्ट सांभाळावी : दर लेखनानंतर चिप सुमारे पाच मिलिसेकंद थांबते. एकेक बाइट लिहिल्यास ३२ किलोबाइट भरण्यात पावणेतीन मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. ६४ बाइटांचे पूर्ण पान एकदम लिहिल्यास हीच वाट अडीच सेकंदांवर येते. असेंब्ली नको असेल, तर मधे एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपेतला संगणक) बसवून त्याला कॅल्क्युलेटरची देवाणघेवाणीची भाषा शिकवावी. मग आपले यंत्र त्याला दुसरा कॅल्क्युलेटर समजते आणि नेहमीच्या लिंक मेनूतून प्रोग्रॅम पाठवता येतात. अर्थात सारी डोकेदुखी त्या मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये सरकते, एवढेच.

या जोडणीने मिळतो तो माळा, ओटा नव्हे. माळ्यावरचा प्रोग्रॅम जागेवरच चालत नाही. तो आधी रॅममध्ये उतरवावा लागतो. म्हणून एकच प्रोग्रॅम २७ किलोबाइटांहून मोठा असेल, तर या उपायाचा उपयोग नाही. आपली अडचण अनेक प्रोग्रॅम साठवण्याची आहे, तेव्हा तिला तो पुरेल.

प्रश्न : माझ्याकडे एचपी-४८जी हा ह्यूलेट-पॅकार्डचा कॅल्क्युलेटर आहे. त्याची रॅम वाढवता येते असे ऐकले. ते खरे का?
— एक निवृत्त सर्वेक्षक, नाशिक

उत्तर : खरे आहे, आणि इथे वरच्या उत्तराच्या नेमके उलट घडते. १९९३ मध्ये ४८जी ३२ किलोबाइट रॅमसह आणि ४८जीएक्स १२८ किलोबाइटसह बाजारात आले. परंतु दोघांचे मूळ सॉफ्टवेअर एकच असल्याने ‘जी’लाही १२८ किलोबाइट हाताळता येतात. ३२ किलोबाइटच्या चिपेला आतली नेमकी जागा निवडण्यासाठी पंधरा पत्ता-तारा लागतात, १२८च्या चिपेला सतरा. त्या वाढीव दोन तारा ओढून नेणे, हे या कामाचे मर्म. वाढलेली जागा ही खरी रॅम असते, त्यामुळे कसला वेगळा प्रोग्रॅमही लिहावा लागत नाही.

तथापि हे कवच उघडण्यासाठी बनवलेलेच नाही, आणि आतील बारीक पायांचे सोल्डरिंग सराईत हाताचे काम आहे. चिप काढताना आतील सारे काही पुसले जाते, म्हणून आधी सर्व प्रोग्रॅम सिरियल केबलने संगणकावर उतरवून घ्यावेत. आपल्याजवळ हा एकच कॅल्क्युलेटर असेल, तर माझा सल्ला तो न उघडण्याचा आहे. जुना जीएक्स मिळाल्यास तो घ्यावा, कारण त्यात मेमरी-कार्डांसाठी दोन खाचा आहेत आणि त्यांपैकी दुसऱ्या खाचेत चार मेगाबाइटपर्यंतचे कार्ड चालते.