लातूरकडे घर आहे. थंडी संपत आली तरी भिंतीला खाली पांढरा खार आणि कपाटामागे काळे डाग आहेत. ओल कुठून येते, कसं ओळखायचं?

फेब्रुवारीतही भिंत हाताला ओलसर लागत असेल तर पावसाला दोष देण्याआधी नळाची पाइपलाइन, मोरी आणि टाकी तपासा. आपल्याकडची थंडी कोरडी असते, काळी माती तोवर सुकून भेगाळायला लागते. तरीही ओल टिकली तर बहुतेक वेळा पाणी रोज कुठून तरी मुरत असतं. घरदुरुस्तीच्या कामांवर मी हेच आधी बघतो. रात्री टाकीत काठी बुडवून पातळीची खूण करा, सगळे नळ बंद ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. पातळी उतरली तर गळती नक्की. मग भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून 2 दिवस ठेवा:

- भिंतीकडच्या बाजूला थेंब: ओल भिंतीतूनच येतेय.
- खोलीकडच्या बाजूला थेंब: हवा दमट आहे, कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडा.

पांढरा थर पाण्याच्या थेंबात विरघळला तर तो खारच, बुरशी नव्हे. काळा डाग कुबट वास मारत असेल तर ती बुरशी. कोरड्या ब्रशने अजिबात घासू नका, कण घरभर उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्याला त्या खोलीत झोपवू नका.

माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं जुनं घर असेल तर मात्र आधी लाकडी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं टोचून बघा. लाकूड मऊ लागलं तर रंगरंगोटी थांबवा, जाणकार मिस्त्रीला बोलवा.