वाचक विचारतात : सडात हवा आणि मुकी खेचरं

प्रश्न : आजोबा गुरांचे डॉक्टर. १९४४ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर खेचरांच्या तुकडीबरोबर होते. परतल्यावर ग्वाल्हेरभोवतीच्या खेड्यांत त्यांनी गुरं तपासली. त्यांच्या आठवणींच्या वह्या छापायच्या आहेत. दोन नोंदींना मात्र घरचेच हसतात : आडव्या पडलेल्या गायीच्या सडांत सायकलच्या पंपाने हवा भरून तिला उठवलं, आणि खेचरांचा ‘आवाज कापला’. त्या गाळाव्यात का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : मुळीच नाही. दोन्ही खऱ्या रीती आहेत.

गायीला झाला होता मिल्क फिव्हर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून येणारा आजार. नावात ताप, पण अंग उलट गार पडतं. कान थंड, मान कुशीकडे वळलेली. १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं आणि गायीच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम. हाडांतून भरपाई व्हायला उशीर झाला की स्नायू लुळे पडतात. कासेत हवा भरली की आतला दाब वाढतो, दूध तयार होणं थांबतं आणि कॅल्शियमची गळतीही. चारही सडांत हवा भरून ते फितीने बांधत, तास-दोन तासांनी सोडत आणि दिवसभर धार काढत नसत. खरी गोम सडात घालायच्या नळीत होती. ती उकळलेली नसेल तर गाय उठायची, पण दगडी (कासेचा दाह) व्हायची.

आज कोणी पंप हाती घेऊ नये, एवढी तळटीप टाकाच. आता कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली अंगाइतकी कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, दहा-पंधरा मिनिटांत सावकाश शिरेतून देतात. घाई केली तर हृदयच बंद पडू शकतं.

खेचरांचं कारण सरळ आहे. ब्रिटिशांच्या चिंडिट नावाच्या तुकड्या जपानी फळीच्या मागे शिरत. वायरलेस, बॅटऱ्या, उखळी तोफा, सगळं खेचरांच्या पाठीवर. एक जरी ओरडलं तरी ठिकाण कळायचं, म्हणून भूल देऊन स्वरपट्ट्या कापत. धोका नंतरच्या सुजेचा : घसा सुजला की श्वास अडतो. मार्च १९४४ मध्ये खेचरं डाकोटा विमानांतूनही उतरवली होती, तेव्हा वहीत तसं काही आढळलं तर दचकू नका.

आणि ‘दोन मण ओझं’ लिहिलं असेल तर ते किलोत बदलू नका. तळाशी ‘सुमारे ७५ किलो’ लिहिलंत की पुरे.